पास्कूबरोबर हॉटेलं बघताना

आयुष्यातला पहिला मसाला डोसा माझ्यापुढे आला आणि मी तो मोडायच्या आत एका म्हाताऱ्या वेटरच्या कानाखाली सणसणीत बसली. मारणारा आमच्याच टेबलावर होता. तो पास्कू, माझ्या थोरल्या बहिणीचा, रोझीचा, ठरलेला नवरा. सांबार कोमट होतं, एवढंच कारण. अख्खं उडपी हॉटेल वळून बघू लागलं, आतल्या दगडी रगड्याची घरघर चालूच राहिली. मालक गल्ल्यावरून उठून हात जोडत आला. वेटरने पडलेली वाटी उचलली, खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसलं आणि कान न चोळता आत निघून गेला. पास्कू खाली बसला, मनगटावरचं घड्याळ सारखं केलं आणि आम्हाला समजावून सांगितलं की हॉटेल कसं आहे ते पदार्थावरून कळत नाही, गिऱ्हाईक भडकल्यावर मालक किती वेगाने धावत येतो त्यावरून कळतं. रोझीचे दोन्ही हात मांडीवर होते. मी मात्र डोसा संपवला. चौदा वर्षांची होते, भूक होती आणि डोसा झकास होता. उगाच खोटं कशाला लिहू?

अंधेरीच्या पूर्वेला आमचं गावठाण. भोवतालच्या भातखाचरांवर कारखाने उभे राहिले होते, तरी आम्ही आपले मधोमध कौलारू घरं, क्रूस आणि डुकरांची खुराडी सांभाळून होतो. आम्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचं जेवण घराबाहेर कुठे मिळत नसे. तळून फुगवलेले गोल फुगे, डुकराच्या मटणाचं आणि रक्ताचं आंबट सोरपोतेल, बाटलीमसाल्यातला कोंबडीचा रस्सा म्हणजे खुडी, हे सगळं लग्नात, सणात, नाहीतर कुणी मेल्यावर. पास्कू गल्फमध्ये कुठल्याशा कंपनीच्या भटारखान्यात राबून आला होता आणि येताना त्याने टेपरेकॉर्डर, सेंटच्या बाटल्या आणि एक कल्पना आणली होती : आपल्या जेवणाचं हॉटेल काढायचं. स्टेशनजवळ जागाही हेरली होती. रांधायला रोझी असणारच होती. गावठाणात तिच्यासारखे फुगे कुणाचे फुगत नसत. म्हणून लग्नाआधी दर रविवारी संध्याकाळी तो तिला मुंबईभरची हॉटेलं दाखवायला न्यायचा, धंदा शिकायला. ठरलेल्या मुलीने एकटीने जायचं नाही ही आमच्याकडची रीत, तेव्हा पाठराखणीला मी. फुकटचं खायला मिळणार म्हणून मी शनिवारपासून पोट रिकामं ठेवायचे. इराण्याकडचा खिमा-पाव, घाटकोपरचं फरसाण, मुलुंडच्या एका पंजाबी ढाब्यावरचे पराठे, सगळं मी त्या दिवसांत पहिल्यांदा खाल्लं आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी मार खाल्ला किंवा शिव्या खाल्ल्या.

आमच्या घराला माराचं नावीन्य नव्हतं. पपा कारखान्यात फिटर. त्यांचा पट्टा मेरीमातेच्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगलेला असे, आणि तो तिथे का टांगलाय हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मीठ जास्त झालं, शर्ट वाळला नाही, फोरमन काही बोलला, कारण कुठलंही चालत असे. माय मार खाताना ओरडत नसे. शेजारीपाजारीही फार वेगळं नव्हतं. एखाद्या घरात मारहाण सुरू झाली की आजूबाजूची माणसं आपला रेडिओ मोठा करायची, म्हणजे मार खाणाऱ्या बाईला सगळे ऐकताहेत असं वाटू नये. ही आमच्या गावठाणातली सभ्यता. मी लहान असताना मला वाटायचं, गाणी खूप मोठ्याने लागली की कुणाचं तरी काहीतरी फुटणार. त्यात लग्नसराईत शनिवारी डुक्कर मारायचे, चार जण पाय धरून आणि पाचवा सुरी घेऊन. ते किंचाळणं वेशीपर्यंत जाई आणि आम्ही पोरं पाटावर बसून सोरपोतेलात घालायच्या रक्ताची वाटी कुणाच्या वाट्याला येते त्यावरून भांडायचो.

माय शांत असायची ती फक्त वाइनपाशी. द्राक्षाची एक वेल आमच्या गावठाणात औषधालासुद्धा नव्हती, तरी वाइन घरोघरी. नाशिकची काळी द्राक्षं टोपल्यांनी बाजारात आली की माय ती धुऊन धोतरावर पसरायची, सुकली की हातांनी चिरडायची, साखर, मूठभर गहू, उकळून गार केलेलं पाणी घालून चिनीमातीच्या उंच बरणीत भरायची आणि तोंडाला मलमल बांधायची. मग रोज एकदा हातभर लांब लाकडी डावाने ढवळायचं. ज्या बाईने भरली तिनेच ढवळायची आणि तिनेच उघडायची, दुसऱ्या हाताने वाइन बिघडते. आणि मनात राग घेऊन ढवळायची नाही, आंबते. त्यामुळे पट्टा खाल्लेल्या दिवशी माय आधी मागच्या पायरीवर बसून राहायची, राग जाईपर्यंत. कधी अर्धा तास, कधी दिवस मावळेपर्यंत. आमची वाइन गावात सगळ्यांत गोड म्हणून नावाजलेली होती. गेल्या वर्षी नातीने मला नाशिकला एका वायनरीत नेलं. वेलींच्या रांगांमध्ये टेबलं मांडलेली, एक तरुण मुलगा मला ग्लास कसा धरायचा, आधी वास कसा घ्यायचा ते शिकवत होता. मी शिकून घेतलं. त्याची वाइन चांगली होती, पण ती बनवणाऱ्याला पायरीवर बसावं लागलं नसावं.

रोझीच्या लग्नाची मोठी बरणी भरून झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी पास्कू आम्हाला घाटकोपरला एका मालवणी खानावळीत घेऊन गेला. चाळीच्या तळमजल्यावरची खोली, चार बाकडी, आत मालकाची बायको वडे तळतेय आणि मालक स्वतः वाढतोय. कोंबडीचा रस्सा असा होता की माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मी तरी मागत होते. पास्कूने पहिला घास घेतला आणि मला त्याचा चेहरा बघून कळलं की त्याला तो आवडलाय. आवडलेलं त्याला सोसत नसे. त्याने मालकाला बोलावून मसाल्यात काय काय घातलंय ते विचारलं. मालक हसून म्हणाला की ते बायकोला विचारा, आणि ती काही सांगायची नाही. पास्कू आतल्या बाजूला उठून चालायला लागला. मालकाने आडवा हात घातला, तर याने त्याच्या छातीत बुक्की मारली. मालक बाकड्यावर आपटला, पण तो उडप्याकडच्या म्हाताऱ्यासारखा नव्हता. उठून शांतपणे म्हणाला, "जेवूक इलस मां? मग जेव. हात कित्याक उचलतस?"

पास्कूने सोड्याची बाटली टेबलाच्या कडेवर फोडली. पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं, कारण रोझीने माझं डोकं आपल्या काखेत दाबून धरलं होतं. मालकाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. रक्त रश्श्याच्या ताटात पडत होतं आणि तो त्या हाताकडे असा बघत होता की हा कुणाचा आहे ते आठवत नाहीये. बायको आतून उकळत्या तेलाचा झारा घेऊन धावली, तो पास्कूच्या मानेला चाटून गेला. चाळीतली माणसं जिन्यावरून धडाधड उतरू लागली तेव्हा आम्ही पळालो. रिक्षात बसल्यावर पास्कू मानेवर रुमाल धरून हसत होता. खरंच मजा आल्यासारखा. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "लुसी, वडे कसे होते गो?" मी चांगले होते म्हटलं. मला दुसरं काही म्हणायची भीती वाटली.

घरी आल्या आल्या मी मायला सगळं सांगितलं. पपांनीही ऐकलं. गल्फच्या उन्हात राहिलेल्या माणसाचं रक्त जरा गरम असायचंच, बायको आली की निवेल, असं ते म्हणाले आणि मोजे काढू लागले. मायने मला फक्त एक विचारलं : रोझीला हात लावला का? नाही, म्हटलं. ती पुन्हा लसूण सोलू लागली. पुढच्या खेपेला वांद्र्याच्या एका चिनी हॉटेलात, लाल कंदील टांगलेल्या अंधाऱ्या खोलीत, रोझी म्हणाली की तिला लग्नानंतरही औषधाच्या कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडायची नाहीये. पास्कू नूडल्स खात राहिला. रोझीचा काटा खाली पडला म्हणून मी टेबलाखाली वाकले, तर त्याने तिची करंगळी मागे पिरगळून धरली होती आणि वर त्याच वेळी तो वेटरला सॉस आणायला सांगत होता. रोझीने आवाज काढला नाही. आवाज न काढणं ती घरीच शिकली होती. ते बोट पुढे कधी सरळ झालं नाही. या वेळी मी मायला सांगितलं तेव्हा तिने लसूण खाली ठेवला, रोझीचा हात उजेडात नेऊन पाहिला आणि हळद लावली. 

ईस्टर झाला आणि चर्चमध्ये, माय त्याला देऊळच म्हणायची, नावं वाचायला सुरुवात झाली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार फादर मिसाच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या, शेवटी जोडप्याची नावं वाचतात, आईबापांसकट, आणि कुणाला या लग्नात अडचण ठाऊक असेल तर कळवा असं सांगतात. कुणी कधी काही कळवत नाही. माणसं मागे वळून मुलीकडे बघतात, हसतात, आणि पुढचा विचार मटणाचा असतो. दुसऱ्यांदा नावं वाचली त्या दुपारी पास्कू आमच्याकडे जेवायला आला. पपांनी खास डुकराचं मटण आणलं होतं. जेवता जेवता पास्कू म्हणाला की हॉटेलात ही वाइनही चहाच्या कपातून गपचूप विकता येईल, जरा चव बघतो. माय म्हणाली, अजून उकळतेय, बुडबुडे थांबले नाय, उघडायची नाय. तो हसत उठला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या बरणीची मलमल ओढून काढली आणि स्टीलचा ग्लास आत बुडवायला गेला. रोझीने त्याचं मनगट धरलं.

त्याने आधी ग्लास नीट खाली ठेवला, हे मला सगळ्यांत जास्त आठवतं. मग उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारली. ती पाट्यावर जाऊन पडली, पाट्याची कड तिच्या तोंडाला लागली आणि पुढचा दात तिच्या ओठातून आरपार आला. मी किंचाळले. पपा मटण कापत होते. त्यांनी सुरी थांबवली नाही. "रोझी, पाहुण्याचा हात धरतात का?" असं ते म्हणाले. मला त्या क्षणी पपांचा इतका तिरस्कार वाटला की पास्कूचा वाटलाच नाही. तेवढ्यात पास्कू रोझीच्या केसांना हात घालायला वाकला आणि मायने बरणीजवळचा डाव उचलला. पहिला फटका त्याच्या कानावर बसला. दुसरा खांद्यावर, आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्याला तो दारातून बाहेर होता, पण तो तिने दाराच्या चौकटीवर मारलाच. चौकटीचा ढलपा उडाला. मग तिने डाव धुतला, बरणीला मलमल बांधली, रोझीच्या ओठातून दात सोडवला आणि तिला मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. पपांनी ताटातलं संपवलं. हात धुतले. आम्हा दोघींना बाहेर जायला सांगितलं आणि दार आतून लावून घेतलं.

भर दुपार होती. आम्ही पुढच्या पायरीवर बसलो, रोझी तोंडाला फडकं लावून. डावीकडच्या घरातला रेडिओ मोठा झाला, मग उजवीकडचा, मग समोरचा. तीन वेगवेगळी स्टेशनं. तेवढ्यातूनही पट्ट्याचा आवाज येत होता, मधूनच काहीतरी जड पडत होतं. मी दारावर लाथा घातल्या, रोझीने मला मागे ओढलं नाही. बऱ्याच वेळाने पपा घामाघूम होऊन बाहेर आले, शर्ट बदलला आणि पास्कूच्या घरी माफी मागायला गेले. येऊन म्हणाले, पोरगा मोठ्या मनाचा आहे, हात गळ्यात बांधून लग्नाला उभा राहीन म्हणतो. लग्न कायम. दिलेल्या शब्दाला आपल्या घराण्यात किंमत आहे, असंही म्हणाले.

तो आठवडा मायचा उजवा डोळा उघडला नाही. अर्धं तोंड जांभळं पडून मग हिरवट झालं. गाल सुजून तोंड वाकडं दिसत होतं, एक हात वर जात नव्हता. शेजारच्या बायका चांगल्या मनाने सल्ला द्यायच्या की रविवारी मिसाला नको येऊ, ताप आला म्हणून सांगू. आलीस तर पदर पुढे ओढ. त्या सगळ्यांनी कधी ना कधी तसाच पदर ओढला होता. शनिवारी मायने रोझीला शेजारी बसवून बराच वेळ हळू आवाजात काही विचारलं. मी जवळ गेले तर दोघी गप्प झाल्या. रविवारी सकाळी तिने मला बोलावून केस विंचरायला लावले, कारण तिचा हात उठत नव्हता. मागे घट्ट बांध, कपाळावर एक केस येऊ देऊ नको, म्हणाली. चांगली साडी नेसली, पदर खांद्यावरच पिन लावून बसवला. पपा पुढे निघून गेले होते, त्यांनी तिला पाहिलं नाही. ती आम्हा दोघींना घेऊन चर्चच्या मधल्या वाटेने थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली. जाताना दोन्ही बाजूंची कुजबुज बंद होत गेली.

मिसा संपत आली. फादरांनी कागद काढला आणि तिसऱ्यांदा नावं वाचली, बस्त्याव आणि मार्था यांची मुलगी रोझी. अडचणीचं वाक्य त्यांनी नेहमीसारखं घाईत उरकलं. माय उभी राहिली. आधी फादरांकडे तोंड करून आणि मग वळून सगळ्या लोकांकडे तोंड करून, म्हणजे कुणाला मान वळवायचा त्रास पडू नये.

"हे लगीन होयाचं नाय," ती म्हणाली. "माझं तोंड बघा. बघा ना, आता खाली कशाला बघता? हे मी लगीन झाल्यापासून खाते. माझी पोर खानार नाय."

 पास्कू हात गळ्यात बांधून उजवीकडच्या बाकावर बसला होता. पपा पुरुषांच्या मागच्या रांगेत. फादर वयस्क होते, वाईट नव्हते. ते दोन पायऱ्या उतरून खाली आले आणि हळू आवाजात तिला म्हणाले की मार्था, मला दुःख आहे, पण नवरा मारतो किंवा मारेल, ही नियमाप्रमाणे लग्नातली अडचण होत नाही. आपण घरी बसून बोलू. माय तशीच उभी. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि मला वाटलं, झालं, आता ती बसणार. तेवढ्यात माझ्या शेजारून रोझी उठली. तिच्या ओठाला दवाखान्यात घातलेले टाके होते, बोलताना थोडं रक्त आलं.

"माझी मर्जी नाय, फादर," ती म्हणाली. "ही अडचण चालते ना?"

फादरांनी हातातला कागद पुन्हा उघडला. "चालते," ते म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर रेघ मारली आणि पुढच्या जोडप्याची नावं वाचली. पास्कू बाकावर लाथ मारून निघून गेला. त्याने पुढे हॉटेल काढल्याचं कधी ऐकलं नाही. आता अंधेरीत आमचं जेवण मिळणारी हॉटेलं आहेत म्हणे, नातीच्या फोनवर फुग्यांचे फोटो येतात. मी अजून गेले नाही.

लोकांना वाटतं तिथे गोष्ट संपली. त्या दुपारी आम्ही तिघी घरी चालत आलो. रोझी रस्ताभर माझा हात धरून होती आणि मध्येच हसत होती, ओठ दुखत होता तरी. मी इतकी खूश होते की मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. घरी आल्यावर मायने पदर खोचला, चूल पेटवली आणि पपांसाठी भात टाकला. पपा घरी येणार होते, आणि आल्यावर काय होणार ते तिघींनाही ठाऊक होतं. झालंही तेच, त्या दिवशी आणि त्यानंतर कितीतरी वर्षं. पण तेव्हा, ती डाव्या हाताने तांदूळ वैरत असताना, मी चिडून तिला विचारलं की तू रोझीसाठी एवढ्या लोकांत उभी राहिलीस, मग तुझ्या वेळेला, तुझी नावं वाचली तेव्हा, तू का नाही उठलीस?

माय हसली. वाकड्या तोंडाने ते हसू कसंतरीच दिसलं.

"मना कुठे ठाव होतं गो, नवरा काय असतो ते," ती म्हणाली. "ज्यांना ठाव होतं, त्या सगळ्या देवळात बसल्या होत्या. माझी माय पन होती. पयल्याच बाकावर."